शब्दाची जात वाक्यात ठरते

इंग्रजी ग्रंथ मराठीत आणताना अवघड शब्दांपेक्षा सोपे शब्दच अधिक फसवतात. 'राउंड' हा शब्द पाहा. 'राउंड टेबल' यात तो विशेषण आहे. म्हणून लंडनला १९३० ते १९३२ या काळात भरलेली परिषद मराठीत 'गोलमेज परिषद' झाली. वाटाघाटींचा 'राउंड' म्हणजे फेरी. येथे तो नाम. जहाज भूशिराला 'राउंड' करते, म्हणजे वळसा घालते, येथे क्रियापद. चाक 'राउंड' फिरते, येथे क्रियाविशेषण. पृथ्वी 'राउंड द सन' फिरते, म्हणजे सूर्याभोवती. येथे त्याचे काम आपल्या शब्दयोगी अव्ययाचे होय.

याचे कारण इंग्रजीच्या इतिहासात आहे. प्राचीन इंग्रजीत शब्दांना विविध प्रत्यय लागत. पुढील काही शतकांत ते बहुतांशी झिजून गेले आणि त्यांचे काम पदक्रमाकडे आले. मराठीत मात्र प्रत्यय टिकून आहेत. इंग्रजीत 'फोन' हे नामही आहे आणि क्रियापदही. मराठीत तो नाम म्हणूनच रुळला. क्रिया दाखवण्यास 'करणे' जोडावे लागते. तरी मराठीतही जातिबदल अगदीच अपरिचित नाही. 'शहाणा मुलगा' यातील विशेषण 'शहाण्याला शब्दाचा मार' या म्हणीत नाम होते. 'तो मागे राहिला' आणि 'घरामागे' यांतही 'मागे'ची कामे निराळी आहेत.

म्हैसूर येथे १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेल्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थानात संगणकाच्या उपयोगासाठी मराठीसह अनेक भाषांतील मजकुराचे संग्रह तयार करण्यात आले आहेत. अशा मजकुरातील शब्दांना नाम, विशेषण, क्रियापद अशा खुणा जोडाव्या लागतात. कोशात एका शब्दाच्या अनेक जाती दिलेल्या असल्या, तर खूण कोणती जोडावी हे वाक्य पाहूनच ठरवावे लागते.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. औषधाच्या वेष्टनावरील 'कीप ड्राय' यातील 'ड्राय' विशेषण आहे: औषध कोरडे ठेवावे. 'ड्राय द सीड्स' यात तेच क्रियापद आहे: बी वाळवावे. दोहोंची गल्लत झाली, तर औषध उन्हात पडेल. म्हणून कोश उघडण्यापूर्वी हा शब्द या वाक्यात कोणते काम करीत आहे, हे वाचकाने पाहावे. योग्य अर्थ मग सहज सापडतो.