दगडाची परीक्षा

श्रीरामपूर हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्या धरणाचे पाणी कालव्यांच्या वाटेने या मुलखात खेळते आणि त्या पाण्यावर उसाचे मळे उभे राहतात. दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. दूरदूरच्या कोरडवाहू गावांतून मजूर आपले बिऱ्हाड घेऊन येतात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणण्याची रीत आहे. जेथे माणसांची मोजदादच हत्याराच्या नावाने होते, तेथे त्या हत्याराच्या धारेला किती मोल असेल, हे सहज उमगते.

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. कारण पक्व उसाच्या बुडख्याकडील भागात साखर अधिक असते. कोयता पाजवलेला असेल, तर एका घावात ऊस स्वच्छ तुटतो. कोयता बोथट असेल, तर बुडखा चिरफाळतो आणि त्यातून पुढे फुटणारा खोडवा जोमदार येत नाही. शिवाय बोथट हत्याराला जोर अधिक लावावा लागतो, आणि जोर लावलेले हत्यार निसटले, की घाव उसावर न पडता हातापायावर पडतो. म्हणून धारदार हत्यारापेक्षा बोथट हत्यारच अधिक घातक, असे जाणते कारागीर सांगतात.

कोयत्याची धार थोडी वाकडीतिकडी असली, तरी काम चालते. सुताराच्या पटाशीचे आणि रंध्याच्या पात्याचे तसे नाही. त्यांची धार सुतासारखी सरळ असावी लागते. धार वाकडी झाली, तर फळी सपाट निघत नाही आणि सांधा घट्ट बसत नाही. अशा वेळी शिकाऊ कारागीर आपल्या हाताला दोष देतो, पोलादाला दोष देतो; परंतु ज्या दगडावर त्याने धार लावली, त्या दगडाकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. खरा दोष पुष्कळदा तेथेच लपलेला असतो.

धार लावण्याचा दगड म्हणजे असंख्य कठीण कणांचा एकत्र बांधलेला पुंजका. हे कण पोलादाहून कठीण असतात. निसर्गात सापडणारा कुरुंद अशा कामासाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. इंग्रजीतील 'कोरंडम' हा शब्दही आपल्या देशातील तमिळ भाषेतून गेलेला आहे. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अचेसन हा संशोधक कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटपटीत होता. माती आणि कोळशाची पूड एकत्र करून त्याने विजेच्या साहाय्याने ती अतिशय तापवली. हिरे काही मिळाले नाहीत. मिळाले ते चकाकणारे, अत्यंत कठीण स्फटिक. त्यांना त्याने 'कार्बोरंडम' असे नाव दिले. आज बाजारात मिळणारे, एक बाजू भरड व दुसरी बारीक असलेले काळसर दगड बहुधा याच पदार्थाचे असतात.

पाते दगडावर घासले, की पोलाद झिजते. पण त्याबरोबर दगडही झिजतो. बोथट झालेले कण निखळून पडतात आणि त्यांच्या खालचे नवे, तीक्ष्ण कण वर येतात. म्हणजे झिजणे हा दगडाचा दोष नव्हे, तो त्याचा गुणच होय. दोष उत्पन्न होतो तो घासणाऱ्याच्या सवयीमुळे. हात नकळत दगडाच्या मध्यभागीच फिरत राहतो. कडांना क्वचितच स्पर्श होतो. त्यामुळे मधला भाग खोलगट होतो आणि कडा उंच राहतात. देवघरातील चंदन उगाळण्याची जुनी सहाण पाहावी, किंवा जुन्या विहिरीच्या काठावर दोराने पाडलेल्या चरी पाहाव्यात. रोजच्या घर्षणाने कठीण दगडही कसा आकार बदलतो, याची साक्ष त्या देतात.

खोलगट दगडावर सरळ पटाशी घासली, तर काय होते? दगडाच्या उंच कडा पटाशीच्या दोन्ही कोपऱ्यांना आधी लागतात. कोपरे अधिक झिजतात, मधला भाग मागे राहतो आणि सरळ धारेला बाक येतो. दगड खोलगट, म्हणून धार फुगीर! सुरीचेही असेच होते. पाते दगडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत असता दगडाचा उतार बदलतो. त्यामुळे हात स्थिर असूनही पात्याचा कोन बदलत राहतो. धार टोकदार न होता गोलसर होते. मग कितीही वेळ घासले, तरी सुरी टोमॅटोची साल कापण्याऐवजी ती दाबत राहते.

दगड सपाट आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. केसाच्या जाडीएवढा खळगाही धार बिघडवण्यास पुरेसा असतो. त्यासाठी पोलादी पट्टी घ्यावी, तिची कड दगडावर उभी टेकवावी आणि दगड डोळ्यांसमोर उजेडाच्या दिशेने धरावा. पट्टीच्या खालून उजेडाची रेघ दिसली, तर तेथे खळगा आहे असे समजावे. पट्टी दगडाच्या लांबीत ठेवावी, रुंदीत ठेवावी आणि शेवटी दोन्ही कर्णांवरही ठेवावी. कर्णांवर ठेवल्याने दगडाला पीळ पडला असेल, तर तोही उघडकीस येतो.

परंतु पट्टी तरी सरळ आहे कशावरून? तिचीही परीक्षा आहे, आणि ती कोणत्याही विद्यार्थ्याला करता येते. कागदावर दोन ठिपके काढावेत. पट्टी ठेवून ते अणकुचीदार पेन्सिलीने जोडावेत. मग पट्टी पालथी करून तीच कड त्याच दोन ठिपक्यांवर ठेवावी आणि पुन्हा रेघ ओढावी. दोन्ही रेघा तंतोतंत एकमेकींवर आल्या, तर पट्टी सरळ. दोहोंमध्ये फट दिसली, तर पट्टीच वाकडी. पट्टी आपल्याविरुद्ध आपणच साक्ष देते!

दगड खोलगट निघाला, तर तो टाकून देण्याचे कारण नाही. जाड, सपाट काचेचा तुकडा पक्क्या आधारावर ठेवावा आणि त्यावर पाण्यात वापरण्याचा भरड पॉलिश पेपर पसरावा. दगडाच्या संपूर्ण पृष्ठभागावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढावी. मग भरपूर पाणी घालून दगड त्या कागदावर सारख्या दाबाने फिरवावा. पाण्यामुळे धूळ उडत नाही आणि ती श्वासाबरोबर छातीत जात नाही. मधून मधून दगडाचे पुढचे टोक मागे करावे, म्हणजे एकाच बाजूस जोर पडत नाही.

थोड्या वेळाने दगड उचलून पाहिला, तर कडेच्या रेघा पुसल्या गेलेल्या दिसतात आणि मधल्या तशाच राहतात. उंच भाग झिजला, खोल भागाला अजून स्पर्श झाला नाही, असा याचा अर्थ. कडेची उंची कमी होता होता शेवटची रेघ पुसली जाते. तरीही तेवढ्यावर न थांबता जाळी पुन्हा काढावी आणि दगड थोडा घासावा. या खेपेस सर्व रेघा एकाच वेळी फिकट झाल्या, तर दगड सपाट झाला. मग तो स्वच्छ धुवावा आणि पट्टीने पुन्हा तपासावा.

येथे चौकस विद्यार्थ्याच्या मनात एक शंका येईल. दगड काचेमुळे सपाट झाला. पण काच सपाट कशामुळे झाली? आजची खिडकीची काच वितळलेल्या कथलाच्या पृष्ठभागावर तरंगत ठेवून बनवतात. ही पद्धती इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. शांत द्रवाचा पृष्ठभाग आपोआप समपातळीत येतो. तोच सपाटपणा काचेला लाभतो. मात्र अशी काच नव्हती, तेव्हा सपाट वस्तूंचा जन्म कसा होत असे?

समजा, दोन दगड आहेत. ते एकमेकांवर घासले, की काही वेळाने दोन्ही तंतोतंत जुळतात. मध्ये उजेडाची रेघही दिसत नाही. म्हणजे दोन्ही सपाट झाले काय? तसे म्हणता येत नाही. एक फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असला, तरीही ते जुळतात. दुर्बिणीचा आरसा हाताने घडवणारे हौशी खगोलप्रेमी याच गोष्टीचा उपयोग करतात. दोन काचा पूड घालून एकमेकींवर घासल्या, की वरची काच हळूहळू खोलगट होते आणि खालची फुगीर. त्यांना खोलगट काच हवीच असते. धारेच्या दगडाला मात्र तो खळगा नको असतो.

यावरचा उपाय म्हणजे तिसरा दगड. फुगीर असलेल्या पहिल्या दगडाशी दुसरा जुळवला, म्हणून दुसरा खोलगट झाला. तिसराही पहिल्याशीच जुळवला, म्हणून तोही खोलगट झाला. आता दुसरा आणि तिसरा एकमेकांवर ठेवावेत. दोन्ही खोलगट! मध्ये पोकळी दिसते आणि लपलेला दोष उघड होतो. मग त्या दोघांना एकमेकांवर घासावे, त्यानंतर पुन्हा पहिल्याशी जुळवावे. घासताना दगड काटकोनात वळवीत जावे. असे आळीपाळीने करीत गेल्यावर कोणतेही दोन दगड एकमेकांशी जुळू लागतात. तिघेही सपाट असल्याखेरीज हे घडत नाही. इंग्रज यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ याने लोखंडी पाट्यांसाठी हीच रीत वापरली आणि १८४० साली ती विद्वानांच्या सभेत मांडली. अचूक यंत्रे घडवण्याच्या विद्येला तिने भक्कम पाया दिला.

दोघांचे जमले, एवढ्यावरून दोघेही बरोबर आहेत असे ठरत नाही. दोघांची चूकही एकमेकींशी जुळणारी असू शकते. तिसऱ्याच्या कसोटीला उतरल्यावरच खात्री पटते. मूक दगड शिकवतात तो धडा हाच.

पुष्कळ कारागीर दगडाची मोठी दुरुस्ती करण्याची पाळीच येऊ देत नाहीत. ते पाते दगडाच्या कडांपर्यंत, संपूर्ण पृष्ठभागावर फिरवतात, काम संपल्यावर दगड पुसून ठेवतात आणि अधूनमधून पट्टी लावून पाहतात. ज्याच्यावर दुसऱ्याला धार आणण्याची जबाबदारी असते, त्याने स्वतःची परीक्षा वरचेवर द्यावी लागते.

स्वाध्याय

१. बोथट कोयत्यामुळे मजुराचे आणि शेतकऱ्याचे कोणते नुकसान होते?
२. 'झिजणे हा दगडाचा दोष नव्हे, तो त्याचा गुणच होय.' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. दोन दगड तंतोतंत जुळले, तरी ते सपाट आहेत असे का म्हणता येत नाही? आकृती काढून सांगा.
४. आपल्या कंपासपेटीतील पट्टी सरळ आहे की नाही, हे पाठात सांगितलेल्या रीतीने तपासा आणि काय आढळले ते पाच ओळींत लिहा.