मूळ उपटून बघा

धामापूरच्या तळ्याखाली वांगी, मिरची, भेंडी करणाऱ्याची मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीपासून सुटका नाही. बाटलीतलं औषध न ओतता निभावायचं, तर माझ्या मळ्यातले हे अनुभव.

१. रोप दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं आणि आपण पाणी वाढवत बसतो. त्याआधी एक रोप अलगद उकरून मूळ धुवा. भेंडीचं मूळ हळकुंडासारखं फुगलेलं दिसेल. चवळीच्या बाबतीत मात्र घाई नको. नखाने सुटणारी, आत गुलाबी असलेली गाठ नत्राची, ती हवीच. मूळच सुजलंय आणि गाठ सुटत नाही, तो रोग.

२. पावसाळ्यात भाजीच्या त्याच कुणग्यात भात घ्या. साचलेल्या पाण्यात भाजीवरचा सूत्रकृमी गुदमरतो. नागेश देसायांनी १५३० साली बांधलेल्या या तळ्याला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. मला त्याचं कौतुक अधिक, ते वायंगणालाही, म्हणजे उन्हाळी भातालाही, पाणी पुरवतं म्हणून. भाताच्या मुळांना गाठी आणणारी जात वेगळी, ती पाण्याला भीत नाही, हेही ध्यानात असू द्या.

३. तरव्याच्या जागेची भाजावळ, म्हणजे पालापाचोळा जाळून माती भाजणं, आपल्याकडे जुनीच. भाजीच्या रोपांसाठी तेच काम धुराशिवाय होतं. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणायचा, कडा मातीत गाडायच्या, चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. काळा कागद इथे कामाचा नाही. खोलवरचे सूत्रकृमी यातूनही वाचतात.

४. बांधावर चार झेंडू लावून काही होत नाही. अख्खा वाफा झेंडूचा हवा, दोन-तीन महिने. त्याच्या मुळांतला अल्फा-टर्थिएनिल सूत्रकृमीला मारतो. फुलं दसऱ्याला विकली जातात, ते वर.

५. निंबोळी पेंड गुंठ्याला १० किलो, लागवडीआधी पंधरवडाभर मातीत मिसळून. करंज पेंडही चालते. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून घातला तर उत्तम.

६. प्रतिकारक टोमॅटोच्या बियाण्यावर फार विसंबू नका. मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की त्याचा ‘एमआय’ जनुक ढिला पडतो, आणि आपल्याकडे फाल्गुनानंतर माती थंड कुठे असते?

७. विकतचं रोप घेताना पानं नंतर बघा. पिशवी उलटी करून मूळ बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसरीकडे जा.