दवाखाना सुधारायचा तर रोग्याने बोलावे

सरकारी दवाखान्यात औषध नाही, बाहेरून आणायची चिठ्ठी मिळाली, की आपण घरी येऊन कुरकुरतो आणि गप्प बसतो. गाईने दूध कमी दिले तर मात्र कारण शोधल्याशिवाय राहत नाही!

आपल्या सीमेपलीकडे महाराष्ट्रात २००७ साली पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या ५ जिल्ह्यांत निराळी रीत सुरू झाली. गावची समिती लोकांना विचारी: नर्सबाई येतात का? औषधाला पैसे मागितले का? उत्तरांवरून दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरत. हिरवा रंग चांगला, पिवळा मध्यम, लाल वाईट. मग जनसुनवाई. तेथे रोगी डॉक्टर व अधिकाऱ्यांसमोर उभे राहून आपली हकिकत सांगत. काही ठिकाणी बाहेरच्या चिठ्ठ्या खरोखरच कमी झाल्या. औषध वरूनच येत नसेल तर तेही सभेत उघड होते, म्हणून डॉक्टरांशी भांडण नको.

नुसत्या तक्रारीने काम होत नाही. केसपेपर जपून ठेवा. तारीख, औषधाचे नाव, दिलेले पैसे त्याच दिवशी लिहा. खेड्यांसाठी ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीची योजना आहे. आपल्या गावच्या समितीची बैठक कधी, हे आशाताईंना विचारा.