विटेवरचे नाव

वर्धा नदीच्या काठावरील कौंडण्यपूर ही प्राचीन विदर्भाची राजधानी मानली जाते. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले. त्याचा ग्रंथ १९६८ मध्ये निघाला.

मुलांनो, सहलीत धाकट्या भावाने अशा ठिकाणी जुन्या विटेवर खिळ्याने नाव कोरले, तर काय कराल? मारले, तर पुढच्या वेळी तो लपून कोरेल. शाळेच्या भिंतीवर खडूने रेघोट्या मारल्या, तर त्याच्याकडूनच पुसून घेता येतात. येथे तसे नाही. घासली, तर वीट आणखी झिजते. हे त्याला जवळ बसवून समजावून सांगा. मग त्याला सरांकडे न्या. झाले ते त्यालाच सांगू द्या. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. मध्ये न बोलणे फार अवघड असते! पुढच्या सहलीत लहान मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम त्याच्याकडेच द्या.