निवडुंगाचे लाल बोंड : औषध किती, समज किती?

परवा दवाखान्यात सात महिन्यांची गरोदर सून घेऊन एक सासूबाई आल्या. मुलीचा चेहरा पांढराफटक, चार पायऱ्या चढली की धाप. हिमोग्लोबिन निघाले साडेसात. "लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारले. सासूबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी तिला मळमळतं डॉक्टरसाहेब. म्हणून रोज फड्या निवडुंगाच्या बोंडांचा रस देते. रंग बघा, अगदी रक्तासारखा!"

रंग रक्तासारखा, म्हणून तो रक्त वाढवतो, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. पण रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे असतो आणि त्यात लोह असते. बोंडाचा रंग बीटालेन या द्रव्यांचा, बिटातही तीच असतात. त्यांत लोह नसते. 100 ग्रॅम गरात लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम असते, तर गरोदरपणी मिळणाऱ्या सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीइतक्या लोहासाठी वीस किलो गर खावा लागेल!

मग बोंड निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. तिथे कोवळ्या फड्यांची काटे काढून भाजी करतात. फळात 'क' जीवनसत्त्व, मॅग्नेशियम आणि चोथा असतो. बीटालेन व फिनॉल द्रव्ये पेशींना होणारी ऑक्सिडीकरणाची झीज रोखू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसते. आपण फेकून देतो त्या सालीतही ही द्रव्ये भरपूर असतात. बियांतूनही तेल निघते. सालीचा अर्क काचेच्या बशीत काही जंतूंची वाढ रोखतो, हेही खरे.

पण वाचकहो, काचेची बशी म्हणजे माणसाचे शरीर नव्हे. बशीत अर्क थेट जंतूंवर पडतो. पोटात गेलेला रस पचतो, पातळ होतो, त्यातले थोडेच रक्तात पोचते. तेव्हा जखम चिघळली किंवा मुलाला डांग्या खोकला झाला तर बोंडाच्या रसावर विसंबू नका. डांग्या खोकल्याची लस वेळेवर टोचून घ्या.

काही पथ्ये सांगतो. बोंडावरची बारीक कुसळे पूर्ण काढा, नाहीतर ती जिभेत, घशात रुततात. बिया भरमसाट गिळू नका, शौचाचा खडा होऊन अडतो. रस घेतल्यावर लघवी लालसर झाली तर आधी घाबरू नका. पण रस बंद करूनही रंग राहिला तर तपासणी करा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी फड्यांचा रस रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे, साखर जास्त उतरू शकते. आणि त्रिधारी निवडुंग वेगळा! त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी धोक्यात येते. डोळा लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि नेत्रतज्ज्ञ गाठावा.

त्या सुनेला मी शिरेतून लोह देण्यासाठी रुग्णालयात पाठवले. गोळी मळमळ करत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. सोबत चहा-दूध नको, लिंबू चालेल. शौच काळे होते, त्याला भिऊ नये. बोंडे मोसमात हौसेने खा, पण गोळी चुकवू नका.