पिल्लू हात-पाय चावतं, काय करू?

प्रश्न : आमचं लॅब्राडॉरचं पिल्लू चार महिन्यांचं आहे. हात, पायजमा, सोफा, काही सोडत नाही. सासूबाई म्हणतात, नाकावर चापट द्या. द्यावी का?

उत्तर : अजिबात नाही. चापटीला ते खेळ समजेल, नाहीतर हाताला घाबरायला लागेल, आणि घाबरलेला कुत्रा पुढे खरोखर चावतो. सध्या त्याचे 28 दुधाचे दात पडून 42 कायमचे येताहेत. हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत हे थोडंफार चालणारच. दात लागले की ओरडू नका, हात झटकू नका. हलता हात म्हणजे त्याला शिकारच. स्तब्ध व्हा, उठून अर्धा मिनिट पाठ फिरवा. मग त्याला चावायचं खेळणं द्या, किंवा भिजवून फ्रीझरमध्ये गार केलेलं जाड फडकं, पण समोर बसून. शिजवलेलं हाड नको, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. घरात नियम मात्र सगळ्यांचा एकच हवा. एकानं पाठ फिरवायची आणि दुसऱ्यानं कौतुकानं बोट चावू द्यायचं, बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. संध्याकाळी जास्तच चेकाळत असेल तर बहुधा झोप अपुरी झालेली असते.

दातानं कातडी फाटली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवा, पिल्लू घरचं असलं तरी.