वारकऱ्याचे पाऊल

ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून पंढरीकडे प्रस्थान ठेवते. दुसऱ्या दिवशी ती पुण्याच्या वाटेला लागते, आणि दिघी मागे पडली की विश्रांतवाडी येते. एके काळी हे पुण्याबाहेरचे गाव होते. आज ते शहराचाच एक भाग झाले आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांना दर्शनासाठी माणसांची दाटी होते. सर्वांचे डोळे रथाकडे आणि पताकांकडे लागलेले असतात. परंतु ज्याला मनुष्याच्या हालचालींचे शास्त्र शिकावयाचे आहे, त्याने घटकाभर दृष्टी खाली वळवावी आणि चालणाऱ्यांची पावले न्याहाळावीत.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. एक पाऊल ६० सेंटीमीटरचे धरले, तर ही वाट चार लाखांहून अधिक पावलांची होते. या प्रत्येक पावलात तोच क्रम असतो. प्रथम टाच टेकते, मग सारा तळवा टेकतो; अंगाचा भार त्यावरून पुढे सरकतो, टाच उचलली जाते आणि शेवटी चवडा जमिनीला मागे रेटतो. एका पायाच्या अशा एका फेऱ्यातील सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. यामुळे प्रत्येक पावलागणिक असा एक क्षण येतो, की त्या वेळी दोन्ही पाय भूमीवर असतात. धावताना हा क्षण नाहीसा होतो; उलट दोन्ही पाय काही काळ अधांतरी राहतात. चालणे आणि धावणे यांतील खरा भेद हा आहे, केवळ वेगाचा नव्हे.

पाय हलतो तो सांध्यांमुळे. गुडघा हा बिजागरीचा सांधा. दाराप्रमाणे तो मुख्यतः एकाच दिशेने उघडतो व मिटतो. मिटण्याला आकुंचन आणि उघडण्याला प्रसरण असे म्हणतात. खुब्याचा सांधा मात्र उखळीचा आहे. मांडीच्या हाडाचे वाटोळे डोके कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसलेले असते. म्हणून मांडी पुढेमागे जाते, अंगापासून बाजूला नेता येते, जवळ आणता येते आणि स्वतःभोवती फिरवताही येते. या फिरण्याला परिभ्रमण म्हणतात. फुगडी घालणाऱ्या वारकऱ्याच्या खुब्याकडे पाहिले, तर या साऱ्या हालचाली एकदम दिसतात.

सांधा हलविणारे स्नायू केवळ ओढू शकतात; त्यांना ढकलता येत नाही. म्हणून ते जोडीने काम करतात. दंडाच्या पुढील स्नायूने कोपर मिटते, तर मागील स्नायूने उघडते. हाड ही तरफ, सांधा हा टेकू आणि स्नायूची ओढ हे बल होय. तळहातावर एक किलोचे टाळ घेऊन हात कोपरात काटकोनात धरला, तर टाळ कोपरापासून सुमारे ३२ सेंटीमीटरवर असतात. पण दंडाचा स्नायू हाडाला जेमतेम ४ सेंटीमीटरवर जोडलेला असतो. साहजिकच एका किलोसाठी त्याला आठ किलोची ओढ द्यावी लागते. हा सौदा तोट्याचा वाटतो, पण तसा तो नाही. स्नायू एक बोटभर आखडला, की हात वीतभर हलतो. निसर्गाने येथे बल खर्चून वेग घेतला आहे.

डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रियांची मान पाहावी. ती ताठ असते. शरीर आणि ओझे यांचा मिळून एक गुरुत्वमध्य असतो, आणि त्यातून खाली सोडलेला ओळंबा पावलांच्या क्षेत्रातच पडावा लागतो. तो बाहेर गेला की तोल गेलाच. पाठीवर वळकटी घेतलेला मनुष्य पुढे वाकतो, तो याच कारणाने.

आता काठी टेकीत चालणाऱ्या वृद्धाकडे पाहावे. त्याचा उजवा खुबा दुखत आहे. त्याने काठी कोणत्या हातात धरावी? बहुतेक जण उजव्या असे सांगतील, आणि ते चुकेल.

उजव्या पायावर उभे असताना शरीराचा भार उजव्या खुब्याच्या डावीकडे पडतो आणि कंबर डावीकडे कलू पाहते. खुब्याच्या बाहेरील बाजूचे स्नायू तिला ओढून धरतात. हिशेबासाठी असे समजावे, की शरीराचा भार ५० किलो असून तो खुब्यापासून १० सेंटीमीटरवर पडतो, आणि स्नायू ५ सेंटीमीटरवरून ओढतात. मग तोल राखण्यास स्नायूंना १०० किलोची ओढ द्यावी लागेल, आणि खुब्यावर दोन्ही मिळून १५० किलो पडतील. तेच त्याने डाव्या हातातील काठी खुब्यापासून ४० सेंटीमीटरवर टेकून केवळ ५ किलोचा जोर दिला, तर स्नायूंचे काम ६० किलोंवर येते आणि खुब्यावरील भार १०५ किलो होतो. पाच किलोंच्या टेकूने पंचेचाळीस किलोंचा भार हलका झाला! उजव्या हातातील काठीने हे साधत नाही. कारण ती भाराच्या विरुद्ध बाजूला टेकते, आणि तिचा जोर कंबरेला डावीकडेच ढकलतो. दुखऱ्या गुडघ्यासाठीही काठी विरुद्ध हातातच धरावी. ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे, हेही तितकेच महत्त्वाचे.

पुण्यात भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात पालखीचा मुक्काम असतो. तेथून सासवडला जाताना दिवे घाट चढावा लागतो. या चढावर रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. माणसाला मात्र स्वतःच्याच मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर विसंबावे लागते. प्रत्येक पावलाला सारे अंग वर उचलावयाचे असते, म्हणून धाप लागते. परतीच्या वाटेवर हाच घाट उतरावा लागतो. तेव्हा धाप कमी लागते. परंतु मांडीचे पुढील स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार आवरून धरीत असतात. स्नायूंना हे काम चढण्याहून जाचक ठरते, आणि ज्यांना त्याची सवय नसते त्यांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी चांगल्याच दुखतात.